क्षयरुग्णांचे हसू आणि सर्पगंधेची उदासी

१/
१९५२ सालच्या प्रारंभी अमेरिकेतील वृत्तपत्रांत काही छायाचित्रे झळकली. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयातील क्षयरोगी त्यांत हसताना, नाचताना दिसत होते. ज्या वॉर्डात माणसे मरणाची वाट पाहत पडून राहत, तेथे नृत्य चालले होते. या धाग्यात त्या नृत्याचा इतिहास पाहू. आणि त्याच सुमारास मुंबईतून जगाच्या नजरेत आलेल्या एका भारतीय मुळीचाही. शरीराने आजारी असलेल्या माणसाच्या मनाकडे वैद्यकाने कसे पाहिले, हा या दोन्ही कथांमधील समान प्रश्न आहे.

२/
हा विषय निवडण्यामागे एक घरगुती कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या मामांना क्षयाचे निदान झाले. सहा महिने औषधे झाली, वजन वाढले, थुंकीची तपासणी निर्दोष आली. मात्र रोज पहाटे फिरायला जाणारे मामा दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. मामींनी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घातली, तेव्हा उत्तर मिळाले, "एवढा मोठा आजार झाल्यावर थोडे उदास वाटणारच." त्या वेळी हे वाक्य मला समजूतदारपणाचे वाटले होते. पुढे वैद्यकाचा इतिहास वाचताना त्याच वाक्याची निरनिराळी रूपे वारंवार भेटत गेली.

३/
आरंभ आपल्याकडील परंपरेपासून करू. चरकसंहितेच्या निदानस्थानात राजयक्ष्म्याची चार कारणे सांगितली आहेत: शक्तीबाहेरचे साहस, नैसर्गिक वेग रोखून धरणे, क्षय आणि विषम आहार. यांपैकी क्षयाचे विवरण करताना शोक आणि चिंता यांनी व्यापलेल्या मनाचा स्पष्ट उल्लेख येतो. दुःखाने शरीर झिजते, हा विचार आपल्याकडे असा फार जुना आहे. त्याच्या उलट दिशेचा प्रश्न मात्र बराच काळ बाजूला राहिला: झिजणारे शरीर मनाचे काय करते?

४/
युरोपात तर याहून विचित्र समजूत रुजली होती. क्षयरोगी स्वभावतः आशावादी, उत्साही, किंबहुना प्रतिभावान असतो, असे तेथील वैद्य मानत. त्यासाठी लॅटिनमध्ये 'स्पेस थिसिका', म्हणजे 'क्षयरोग्याची आशा', अशी संज्ञाही होती. एकोणिसाव्या शतकातील काव्य-नाटकांनी या कल्पनेला सौंदर्याचा मुलामा दिला. जॉन कीट्स या कवीचे उदाहरण तिच्यासाठी नेहमी पुढे केले जाते. परंतु कीट्सने स्वतः वैद्यकाचे शिक्षण घेतले होते आणि खोकल्यातून पडलेल्या रक्ताचा अर्थ त्याला पुरता ठाऊक होता. २३ फेब्रुवारी १८२१ रोजी रोममध्ये वयाच्या २५व्या वर्षी तो वारला. चित्रकार जोसेफ सेव्हर्न याने त्याची शुश्रूषा केली. त्याने लिहून ठेवलेल्या त्या दिवसांच्या हकिगतीत आशा फारशी आढळत नाही. आढळते ती निराशा.

५/
या समजुतीचा परिणाम काय झाला असेल? रुग्ण हसला तर ते रोगाचे लक्षण मानले जाई. तो खचला तर तो आजारपणाचा स्वाभाविक भाग समजला जाई. दोन्हीकडून मनाची वेगळी चौकशी करण्याचे कारणच उरत नसे. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला, त्यानंतर वैद्यकाची नजर अधिकच फुप्फुसावर खिळली. हे वैज्ञानिकदृष्ट्या योग्यच होते. पण जंतू सापडला तरी उपचार हाती येण्यास आणखी सहा दशके लागली, आणि तोवर रुग्णांच्या वाट्याला आली ती सॅनेटोरियमची विश्रांती: मोकळी हवा, पौष्टिक आहार आणि घरापासून महिनोन्महिने दुरावा. आपल्याकडे मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे नावच अशा एका आरोग्यधामाची आठवण जपून आहे.

६/
१९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले. परंतु जंतू त्याला लवकरच दाद देईनासे होत. मग एक जुना रेणू पुन्हा उजेडात आला. प्राग येथे हान्स मायर आणि योसेफ मॅली यांनी १९१२ सालीच आयसोनियाझिड तयार केले होते, मात्र त्याचा क्षयावरील गुण कोणाला ठाऊक नव्हता. चाळीस वर्षांनी हॉफमन-ला रोश, स्क्विब आणि बायर या तीन कंपन्या जवळपास एकाच वेळी त्याच्यापर्यंत पोहोचल्या. रेणू जुना असल्यामुळे त्याच्यावर कोणालाच मक्तेदारी सांगता आली नाही. पुढे हे औषध स्वस्त राहिले, त्यामागे हेही एक कारण आहे.

७/
आता सी व्ह्यूकडे वळू. १९१३ साली सुरू झालेल्या या महापालिका रुग्णालयात प्रामुख्याने गरीब क्षयरोगी दाखल होत. संसर्गाच्या भीतीने गोऱ्या परिचारिका नोकरी सोडून जाऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या जागी कृष्णवर्णीय परिचारिका आल्या. यांतील अनेकजणी वर्णभेदाने गांजलेल्या दक्षिणेतील राज्यांमधून आल्या होत्या. 'ब्लॅक एंजल्स' या नावाने आज त्यांची आठवण काढली जाते. अर्व्हिंग सेलिकॉफ आणि एडवर्ड रोबिट्झेक या डॉक्टरांनी येथेच आयसोनियाझिड आणि त्याचा रासायनिक भाऊबंद इप्रोनियाझिड यांच्या चाचण्या केल्या. रोजच्या मात्रा देणे, ताप पाहणे आणि रुग्णातील बदल टिपणे, हे काम याच परिचारिकांच्या हातून झाले.

८/
ताप उतरले, वजने वाढली. त्याखेरीज काही वेगळेही घडू लागले. इप्रोनियाझिड घेणाऱ्या रुग्णांची भूक प्रचंड वाढली, अंगात उत्साह संचारला. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली माणसे घरी जाण्याचा आग्रह धरू लागली. वैद्यकीय अहवालांत हे सारे कोणत्या सदराखाली नोंदले गेले? 'दुष्परिणाम' या सदराखाली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. खचलेल्या माणसाला जगावेसे वाटणे ही घटना नोंदवण्यासाठी त्या तक्त्यात दुसरा रकानाच नव्हता.

९/
येथे साधन-चिकित्सेचा एक मुद्दा. त्या छायाचित्रांतील नृत्य हा इप्रोनियाझिडच्या मनावरील परिणामाचा पुरावा म्हणून अनेकदा दाखवले जाते. परंतु सी व्ह्यूत दोन्ही औषधे दिली जात होती, आणि नाचणाऱ्या व्यक्तीने कोणती गोळी घेतली होती, हे छायाचित्रावरून कळत नाही. शिवाय मरणाच्या दारातून परतलेला माणूस कोणत्याही रसायनाविना नाचू शकतो. हा आनंद औषधाचा होता की जीव वाचल्याचा? हाच पेच उलट दिशेने उदासीलाही लागू पडतो. ती रोगाची, औषधाची, की परिस्थितीची? पुढील कथेचा गाभा हाच आहे.

१०/
आता स्थळ मुंबई. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे शतकानुशतके सर्पदंश, निद्रानाश आणि उन्माद यांवर वापरात होती. बिहारकडे तिला 'पागल की दवा' असेच म्हणत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडसरपणा आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवरील तिच्या उपयोगाविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्याची दखल भारताबाहेर फारशी घेतली गेली नाही. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर अभ्यास केला. १९४९ साली तो 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आला आणि मग पाश्चात्त्य वैद्यक जागे झाले.

११/
त्या काळी रक्तदाबावर धड औषध नव्हते, हे ध्यानात घ्यायला हवे. १९४५ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्यांचा वाढता रक्तदाब डॉक्टर मोजत होते, पण तो आटोक्यात आणण्याचे प्रभावी साधन त्यांच्या हाती नव्हते. या पार्श्वभूमीवर १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझलच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी सर्पगंधेतून रेसर्पिन हा क्रियाशील घटक वेगळा केला. 'सर्पासिल' या नावाने तो बाजारात आला आणि काही वर्षांतच लक्षावधी लोकांच्या घरात पोहोचला.

१२/
रक्तदाब उतरू लागला. मात्र १९५४ साली एडवर्ड फ्रीस या अमेरिकी डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक इशारा दिला: मोठ्या मात्रेत दीर्घकाळ रेसर्पिन घेणारे काही रुग्ण खोल नैराश्यात गेले होते. पुढच्याच वर्षी इतर डॉक्टरांनीही अशा नोंदी प्रसिद्ध केल्या. ही उदासी एका दिवसात येत नसे, ती हळूहळू चढत असे. त्यामुळे गोळीचा आणि मनाचा संबंध जोडणे अवघड जाई. रक्तदाबाच्या वहीत आकडे सुधारत असताना समोरचा माणूस विझत होता. ज्या डॉक्टरांनी आकड्यापलीकडे पाहिले, त्यांनाच हे दिसले.

१३/
एकीकडे क्षयरुग्णांचे मन उंचावणारे औषध, दुसरीकडे रक्तदाबाच्या रुग्णांचे मन खाली ओढणारे औषध. यांपैकी एकही मनासाठी शोधलेले नव्हते. प्रयोगशाळांनी हे दोन धागे जोडले. १९५२ मध्ये शिकागोच्या अर्न्स्ट त्सेलर यांनी दाखवले, की इप्रोनियाझिड हे मोनोअमाइन ऑक्सिडेझ या विकराला रोखते. सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन यांसारख्या रसायनांचे विघटन करणारे ते विकर. १९५५ मध्ये अमेरिकेतील बर्नार्ड ब्रोडी यांच्या गटाला आढळले, की रेसर्पिनमुळे सेरोटोनिनचे साठे रिकामे होतात. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले. या दिशेच्या संशोधनासाठी २००० साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

१४/
दरम्यान जॉर्ज क्रेन या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५६ मध्ये इप्रोनियाझिड घेणाऱ्या क्षयरुग्णांच्या मानसिक बदलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९५७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉकलंड स्टेट हॉस्पिटलचे नेथन क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, क्षय नसलेल्या मनोरुग्णांवरही त्याचा गुण येतो, असे जाहीर केले. नैराश्यावरील औषधांचे आधुनिक युग सुरू झाले ते असे. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून यांनी इमिप्रमीनचा गुण ओळखला होता. एक योगायोग पाहा: १९५७ सालच्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत रेसर्पिनवरील कामासाठी क्लाइन यांचे नाव आहे, आणि त्याच यादीत मुंबईचे डॉ. वकीलही आहेत.

१५/
इप्रोनियाझिडचे वैभव अल्पकाळ टिकले. यकृताला इजा आणि कावीळ यांमुळे १९६१ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून मागे घेण्यात आले. त्याने दाखवलेली वाट मात्र राहिली. १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्रॉट यांनी या सर्व निरीक्षणांची मांडणी करून, नैराश्याचा संबंध मेंदूतील अशा रसायनांच्या कमतरतेशी असावा, असे गृहीतक पुढे ठेवले. 'मेंदूतील रसायनांचा तोल ढळणे' ही आज घरोघरी ऐकू येणारी भाषा याच परंपरेतून आली आहे.

१६/
कथा येथे संपवली तर ती फार सुबक होईल, आणि सुबक कथेविषयी सावध राहावे असे आम्हाला पहिल्याच वर्गात शिकवतात. १९५५ मध्येच लंडनच्या मायकेल शेफर्ड आणि डेव्हिड डेव्हिस यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली होती. चिंता व उदासीने ग्रासलेल्या रुग्णांना रेसर्पिनने चक्क बरे वाटले, असा तिचा निष्कर्ष होता. पुढील अभ्यासकांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा रेसर्पिनवरील अनेक 'उदास' रुग्णांत सुस्ती आणि मंदपणाच अधिक असल्याचे दिसले. खरे नैराश्य आलेल्यांपैकी अनेकांना ते पूर्वीही येऊन गेले होते. सोयीचा पुरावा लक्षात राहिला आणि गैरसोयीचा मागे पडला. नैराश्याचे कारण एका रसायनाच्या कमतरतेत सामावत नाही, हे आज संशोधकही मान्य करतात.

१७/
मला अधिक सलणारी गोष्ट वेगळी आहे. ज्यांच्या शरीरावर हा शोध लागला, ते क्षयरोगी आणि रक्तदाबाचे रुग्ण पुढच्या कथेतून नाहीसे झाले. उदासीचा प्रश्न मनोरुग्णालयाच्या इमारतीत गेला, फुप्फुस छातीच्या रुग्णालयात राहिले आणि हृदय तिसऱ्याच इमारतीत. वास्तविक क्षयाच्या औषधांचा मनाशी संबंध तेथेच संपला नव्हता. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात वापरले जाणारे सायक्लोसेरिन काही रुग्णांत नैराश्य किंवा भ्रम निर्माण करू शकते, हे त्याच दशकापासून ठाऊक आहे.

१८/
आपल्या देशातील एक प्रयोग या संदर्भात आवर्जून सांगावा असा आहे. १९५६ मध्ये मद्रासच्या क्षयरोग रसायनोपचार केंद्रात गरीब वस्त्यांतील १९३ रुग्णांची दोन गटांत विभागणी झाली: काही सॅनेटोरियममध्ये, काही स्वतःच्या घरी. औषधे दोघांनाही तीच. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा: घरी राहून औषध घेणारे जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या कुटुंबीयांना अधिक लागण झाली नाही. हा अभ्यास जंतूंचा होता, मनाचा नव्हता. तरीही रुग्णाला मुलाबाळांपासून, कामापासून, गल्लीपासून तोडण्याची वैद्यकीय गरज त्याने जगभर संपवत आणली. एकटेपणा हा उपचाराचा अटळ भाग नाही, हे मद्रासने आकड्यांनिशी दाखवले.

१९/
शरीर आणि मन यांचा हिशेब पुन्हा एकत्र मांडला गेला तो हृदयरोगाच्या दालनात. १९९३ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे नॅन्सी फ्रेझर-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या २२२ रुग्णांचा मागोवा घेतला. झटक्यानंतर नैराश्यात असलेल्यांमध्ये पहिल्या सहा महिन्यांतील मृत्यूंचे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक निघाले. पुढे २००३ मध्ये एका मोठ्या अमेरिकी चाचणीत अशा रुग्णांच्या नैराश्यावर उपचार केले गेले. मन सुधारले, आयुर्मान मात्र वाढलेले दिसले नाही. काहींना हा निकाल निराशाजनक वाटला. मला त्यात एक प्रश्न दिसतो: मन सुधारणे हे स्वतःच पुरेसे फळ का मानू नये?

२०/
निदानातील अडचणही समजून घेऊ. वजन घटणे, थकवा, झोप न लागणे, भूक मरणे ही लक्षणे क्षयाची आहेत आणि नैराश्याचीही. मग ओळखावे कसे? १९८३ मध्ये अँथनी झिग्मंड आणि फिलिप स्नेथ यांनी रुग्णालयातील रुग्णांसाठी १४ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली तयार केली. शरीराच्या आजाराशी गल्लत होईल अशी लक्षणे त्यांनी जाणीवपूर्वक टाळली. पूर्वी ज्या गोष्टींत आनंद वाटे, त्यांत अजून वाटतो का? हसू येते का? पुढच्या दिवसांची ओढ वाटते का? अशा प्रश्नांवर त्यांचा भर होता. सी व्ह्यूच्या तक्त्यात नसलेला रकाना तीस वर्षांनी असा अस्तित्वात आला.

२१/
आता पुन्हा "उदास वाटणारच" या वाक्याकडे. त्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. मोठ्या आजारात दुःख होणे स्वाभाविकच, आणि प्रत्येक अश्रूला गोळी नसते. चूक होते ती पुढच्या, न उच्चारलेल्या अर्ध्या भागात: कारण कळले, म्हणजे उपचाराची गरज संपली. पडल्यामुळे हाड मोडले हे समजले, म्हणून आपण ते तसेच ठेवत नाही. स्पेस थिसिकाने रुग्णाचे हसू रोगाच्या खात्यावर टाकले. आपण त्याची उदासी त्याच खात्यावर टाकतो. दोन्ही वेळा माणसाला विचारायचे राहून जाते.

२२/
मामींनी हार मानली नाही. दुसऱ्या एका डॉक्टरांनी मामांना फुप्फुसाखेरीज चार प्रश्न विचारले आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. काही महिने गेले. एका पहाटे मामींना दाराची कडी निघाल्याचा आवाज आला. मामा चपला घालत होते. इतिहासाच्या दृष्टीने ही अत्यंत क्षुल्लक नोंद आहे. आमच्या घरात मात्र ती तारखेसह लक्षात आहे.

२३/
शेवटी, या धाग्याच्या आधारे कोणीही स्वतःची क्षयाची किंवा रक्तदाबाची औषधे परस्पर बंद करू नयेत. ती अर्धवट सोडणे जिवावर बेतू शकते. दीर्घ आजारातून जाणारे कोणी तुमच्या घरी असेल आणि त्याचे मन मिटत चाललेले दिसत असेल, तर ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा. एकदा सांगून भागले नाही, तर पुन्हा सांगा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे.

वैद्यकाच्या इतिहासात शोधकर्त्यांची नावे राहतात. आज रात्री मात्र सी व्ह्यूच्या त्या निनावी रुग्णांचीही आठवण काढू, ज्यांना घरी जावेसे वाटले आणि ज्यांची ती इच्छा दुष्परिणाम म्हणून नोंदली गेली.

(धागा समाप्त)